गंधक, बॅक्टेरिया आणि माझी तीनशे लिटरची टाकी

(या भागाचं हे लेखी रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'अॅक्च्युअली' शक्य तेवढे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. "घरच्या घरी नायट्रेट रिअॅक्टर बनवला म्हणालास, तो कसा बनवला, आणि त्यात मासे का मेले?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं मी टाळत होतो. आज दोन्ही सांगतो.

आधी ओळख. मी बीटेक, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. गाव तासगाव तालुक्यात, घरी द्राक्षबाग. हॉलमध्ये तीनशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. दगड-वाळू वजा केली की खरं पाणी २७० लिटर. एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. माझ्याकडे दगडी प्रवाळ नाहीत. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ते आहेत, सी फॅनसुद्धा आहेत. त्यामुळे टाकीत फक्त मऊ प्रवाळ: लेदर, मशरूम, झोआ आणि झेनिया. प्रवाळाचे तुकडे, सांगाडे, 'कोरल रबल' यातलं काहीही मी वापरत नाही. याचा रिअॅक्टरशी संबंध आहे, पुढे येईलच.

पाणी बदलून का भागत नाही

मी रोज साधारण १ ग्रॅम सुकं खाद्य टाकतो. त्यात ४५ टक्के प्रथिनं. प्रथिनांच्या वजनाचा साधारण १६ टक्के भाग नायट्रोजन असतो. म्हणजे रोज ७२ मिलिग्रॅम नायट्रोजन टाकीत जातो. मासे ते खातात, अमोनिया सोडतात. दगडांवरचे बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. आणि तिथे गाडी थांबते. नायट्रोजनला ४.४३ ने गुणलं की नायट्रेटचा आकडा मिळतो, ३२० मिलिग्रॅम. २७० लिटरला भागा, दिवसाला १.२ पीपीएम. आठवड्याला आठ.

आता मी दर रविवारी २० टक्के पाणी बदलायचो. भक्तिभावाने. तरी किट ४० आणि ५० च्या मधला रंग दाखवायचं. मला वाटायचं किट खराब आहे. मग एका रात्री ऑफिसचं काम सोडून साधं समीकरण मांडलं. आठवड्याला ८ वाढतात आणि मी आहे त्याच्या २० टक्के काढतो. तर काढलेलं आणि वाढलेलं बरोबर कधी होईल? ४० चे २० टक्के आठ. म्हणजे चाळीसलाच येऊन थांबणार. दहा वर्षं पाणी बदला, चाळीसच. मला दहा हवे असतील तर दर आठवड्याला ८० टक्के पाणी बदलायला हवं. म्हणजे २१६ लिटर आरओचं पाणी आणि साडेसात किलो मीठ. दर आठवड्याला! आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो. आरओचं वाया जाणारं पाणी धरून हा हिशोब मी सेक्रेटरींना सांगूही शकलो नसतो.

खुल्या उष्णकटिबंधीय समुद्रात वरच्या पाण्यात नायट्रेट जवळजवळ नसतंच, अर्धा पीपीएमच्याही खाली. तिथे ते वापरणारे आणि विरघळवणारे अब्जावधी लिटर आहेत. आपल्याकडे २७०.

गंधकच का

नायट्रेट घालवायचं म्हणजे त्याचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडायचा. हे काम बॅक्टेरिया करतात, पण ऑक्सिजन संपल्यावरच. ऑक्सिजन समोर असेल तर ते नायट्रेटकडे ढुंकूनही बघत नाहीत. जेवणात श्रीखंड असताना भाकरीला कोण हात लावणार, तसं. म्हणून एक बंद डबा लागतो, ज्यातून पाणी इतकं हळू जाईल की ऑक्सिजन वाटेतच संपेल.

यात दोन घराणी आहेत. एका प्रकारात बॅक्टेरियांना कार्बन खायला घालतात: साखर, व्होडका, व्हिनेगर. डोस चुकला की डब्यात पांढरा चिकट लगदा. दुसऱ्या प्रकारात गंधक. थायोबॅसिलस डीनायट्रिफिकन्स नावाचा बॅक्टेरिया गंधकावर जगतो आणि श्वासासाठी नायट्रेट वापरतो. अजैविक पदार्थांवर जगणारे असे जीव असतात हे विनोग्राद्स्कीने १८८० च्या दशकात गंधक-बॅक्टेरियांवर काम करताना दाखवलं होतं. मला हा प्रकार आवडला कारण रोज काही ओतावं लागत नाही. गंधक पाण्यात विरघळत नाही, बॅक्टेरियांना लागेल तेवढंच वापरलं जातं. माझ्या टाकीचा हिशोब केला, नायट्रेटसाठी आणि येणाऱ्या ऑक्सिजनसाठी मिळून वर्षाला शंभर-सव्वाशे ग्रॅम. बस्स.

तोटा एकच. यातून आम्ल तयार होतं. बाहेर येणाऱ्या पाण्याचा पीएच पडतो आणि टाकीची अल्कलिनिटी खाल्ली जाते. म्हणून पुढच्या डब्यात कॅल्शियम कार्बोनेट ठेवतात, ते विरघळून आम्ल मारतं. सगळे इथे कोरल रबल वापरतात. ते मला चालणार नव्हतं. मी पोल्ट्रीच्या खाद्यात घालतात तो शिंपल्यांचा चुरा आणला. चाळून, दहा वेळा धुऊन. उत्तम चालतो. सल्फेट वाढतं अशी भीती काही जण घालतात, पण समुद्राच्या पाण्यात मुळातच लिटरला २,७०० मिलिग्रॅम सल्फेट असतं. आपली भर त्यात कुठे दिसणार.

बांधणी

चार इंची पीव्हीसी पाईप, ६० सेंटिमीटर. पाच लिटर पाणी मावतं. खाली साधी कॅप सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवलेली, वर आट्यांची कॅप आणि रबरी गॅस्केट. आत तळाला भोकं पाडलेली प्लास्टिकची चकती, तिच्यावर स्पंज, त्यावर दोन लिटर गंधकाचे दाणे. पाणी वरून खाली एकाच वाटेने जाऊ नये म्हणून बाहेरून एक छोटा पंप, जो आतलंच पाणी सतत गोल फिरवतो. वरच्या कॅपला पाव इंची व्हॉल्व्ह, कारण नायट्रोजनचे बुडबुडे वर साठतात आणि ते सोडावे लागतात. शिंपल्यांसाठी घरगुती आरओचं दहा इंची हाउसिंग. नळ्या आणि फिटिंगही आरओचीच, पाव इंची. पितळेचं काहीही लावू नका. तांबं उतरलं की कोळंबी आणि प्रवाळ संपले. सगळं जोडून बाथरूममध्ये चोवीस तास भरून ठेवा. माझं पहिल्यांदा तीन ठिकाणी गळलं.

आता गंधकाची गंमत. द्राक्षबागेवर भुरी येऊ नये म्हणून आम्ही गंधक मारतो, त्यामुळे मला वाटलं आपल्या घरात गंधकाला काय तोटा. आण्णांना फोन केला. ते म्हणाले, "फवारायचं नगं, त्ये पाण्यात विरघळवायला केल्यालं असतंय. दाणेदार देतो." आणि एसटीने पाच किलोची पिशवी पाठवली. ते होतं बेंटोनाइट सल्फर, जमिनीत घालायचं. ९० टक्के गंधक आणि बाकी बेंटोनाइट माती. ही माती पाणी लागलं की फुगते, दाणा फुटतो आणि गंधक जमिनीत पसरतं. शेतात हेच हवं असतं. माझ्या पाईपमध्ये दोन दिवसांत पिवळा चिखल झाला आणि पंप जाम. आण्णांना सांगितलं तर ते पाच मिनिटं हसत होते. "आरं, त्ये फुटाया पायजे म्हणूनच बनिवल्यालं असतंय!"

शेवटी केमिकलच्या दुकानातून शुद्ध गंधकाचे गोल दाणे आणले. घेताना विचारा: माती नाही, मिसळण नाही, फक्त गंधक. धुताना गॅलरीत धुवा, नाकाला रुमाल बांधा, आणि जवळ आग नको. गंधकाची धूळ पेट घेते.

सुरुवातीचे सहा आठवडे

ऑगस्टमध्ये चालू केला. सेकंदाला एक थेंब. वीस थेंबांचा एक मिली धरला तर मिनिटाला तीन मिली, दिवसाला चार लिटरपेक्षा थोडं जास्त. पहिले तीन आठवडे बाहेर येणारं पाणी कॅनमध्ये घेऊन ओतून द्यायचो. दहाव्या दिवशी तपासलं तर टाकीत ४० आणि रिअॅक्टरच्या तोंडाशी १०० च्या वर! मी हबकलो. मग कळलं की बरीच किट आधी नायट्रेटचं नायट्राइट करतात आणि तो रंग मोजतात. रिअॅक्टर अर्धवट काम करत असतो तेव्हा बाहेरच्या पाण्यात नायट्राइट भरपूर असतं, त्यामुळे नायट्रेटचा आकडा खोटा फुगतो. म्हणून या काळात नायट्राइटचं किट आधी वापरा. ते शून्यावर आलं की पुढचं बघा. माझं सहाव्या आठवड्यात आलं.

पण सेकंदाला एक थेंब पुरत नाही. चार लिटर गुणिले ४०, म्हणजे दिवसाला जेमतेम १७० मिलिग्रॅम जातं, आणि मी रोज ३२० टाकतोय. शिवाय टाकीतलं नायट्रेट जसं उतरतं तसं त्याच पाण्यातून कमी कमी निघतं. दहा पीपीएमवर टिकायचं तर दिवसाला ३२ लिटर पाणी फिरायला हवं, मिनिटाला २२ मिली. हे हळूहळू वाढवायचं, आठवड्याला थोडं थोडं. एकदम वाढवलं की ऑक्सिजन आत शिरतो आणि परत नायट्राइट.

थेंब एका गतीने पडणं ही सगळ्यात मोठी डोकेदुखी. नीडल व्हॉल्व्ह दोन दिवसांत बुळबुळीत थराने तुंबायचा. दिवाळीला घरी गेलो तेव्हा आण्णांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "बारीक भोक केलंस की तुंबणारच. भोक मोठं ठेव आन नळी लांब कर." मायक्रोट्यूबचं तत्त्व. लांब नळीतून पाणी जाताना घर्षणानेच गती कमी होते, त्यामुळे भोक मोठं ठेवता येतं. आणि दर आठवड्याला ठिबकच्या लॅटरलसारखं टोक उघडून धुवायचं. दीड महिना तसं चाललं. मग मी इंजिनियर असल्याचं मला आठवलं आणि मी पेरिस्टाल्टिक पंप, ओआरपी प्रोब आणि ईएसपी ३२ चा बोर्ड लावला. मोबाइलवर आलेख दिसायला लागले.

शून्याचा मोह

आकडा दिसायला लागला की माणूस तो खाली आणायच्या मागे लागतो. नोव्हेंबरमध्ये टाकीत ८ होतं. थांबायला हवं होतं. डिसेंबरमध्ये मी शून्य केलं आणि स्क्रीनशॉट मित्रांना पाठवले. पंधरा दिवसांत झेनिया वितळला. अक्षरशः, सकाळी उठलो तर दगडावर पांढुरका चोथा. वाळूवर तपकिरी, तारेसारखा ओघळणारा, बुडबुडे धरणारा थर आला. रात्री विरळ, दिवे लागले की दाट. डायनोफ्लॅजेलेट्स. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही तळाला गेले की बाकी शेवाळं उपाशी मरतात आणि ही मंडळी मोकळ्या मैदानात येतात.

आण्णांच्या भाषेत सांगायचं तर, "नत्र लई झालं की वेल नुसती पाल्यावर जाती, कमी पडलं की घड सुटत न्हाई." बागेत आम्ही देठ परीक्षण करतो ते याचसाठी, दोन्ही बाजू बघायला. मी एकच बाजू बघत होतो.

इथे एक सापळा आहे, नीट ऐका. नायट्रेट फार कमी झालं म्हणून रिअॅक्टरची गती कमी करावी असं वाटतं. करू नका. आत नायट्रेट संपलं की बॅक्टेरिया थांबत नाहीत, ते सल्फेटकडे आणि गंधकाकडेच वळतात, आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. कुजक्या अंड्याचा वास. विषारी. मी गती तीच ठेवली, निम्मं गंधक काढून टाकलं, आणि माशांना खाद्य वाढवलं. रिअॅक्टरच्या तोंडाशीही एक-दोन पीपीएम शिल्लक राहील असं बघितलं. फेब्रुवारीत टाकी ८ ते १० वर स्थिरावली. डायनो जायला अजून दोन महिने लागले.

मे महिना

आता तो दिवस. चुलत बहिणीचं लग्न, मी गावाला. पुण्यात संध्याकाळी वळवाचा पाऊस, झाडं पडली, रात्री अकराला लाईट गेली ती सकाळी दहाला आली. इन्व्हर्टरवर टाकीचा मुख्य पंप होता, तो संपल्यावर बॅटरीचा हवेचा पंप सुरू झाला. टाकीची काळजी मी घेतली होती. रिअॅक्टरची नाही. तो अकरा तास बंद डब्यात उभा राहिला. आठ पीपीएमचं पाणी, त्यातलं नायट्रेट संपायला किती वेळ लागणार. बाकीचे तास आत सल्फाइड बनत होतं.

लाईट आली. बोर्ड रीस्टार्ट झाला. पंपाची गती मी मेमरीत साठवत होतो, ती लाईट गेल्यावर पुसली जाते. मग बोर्ड कोडमधली सुरुवातीची किंमत उचलतो. ती किंमत होती प्रायमिंगची, पूर्ण वेग, मिनिटाला ९० मिली. टेस्टिंगच्या वेळी मीच टाकली होती. वर कॉमेंटही होती, 'नंतर बदल'. पाऊण तासात चार लिटर ते पाणी टाकीत गेलं.

रूममेटचा फोन आला तेव्हा मी मांडवात अक्षता वाटत होतो. तो म्हणाला, "अरे, गॅस लीक झालाय. मी सिलिंडर बंद केलाय, खिडक्या उघडल्यात, तरी वास जात नाही." मी विचारलं, मासे कुठे आहेत? तो म्हणाला, "सगळे वर आलेत. तोंड उघडतायत." मी मांडवामागे उसाच्या बांधावर उभं राहून त्याला सांगत होतो: पाईपवरचा निळा पंप, त्याची वायर ओढ. हवेचे दोन्ही पंप पाण्यात टाक. कपाटात काळ्या कोळशाची पिशवी आहे, फिल्टरमध्ये ओत. कॅनमध्ये ४० लिटर मिठाचं पाणी तयार आहे, ते बदल. त्या मुलाने आयुष्यात माशाला खाद्य घातलेलं नाही. त्याने सगळं केलं.

क्लीनर कोळंबी गेली, फायरफिश गेला, आणि क्लाउनच्या जोडीतली मादी गेली. पाच वर्षं होती माझ्याकडे. पहिल्या पगारातून आणली होती.

रात्री आण्णांना सांगितलं. ते हसले नाहीत. बराच वेळाने म्हणाले, "मोटर बंद राहिली की नळीतलं पयलं पाणी आम्ही बाहीर सोडतो. ऊन पाणी, घाण पाणी. झाडाला न्हाई देत." मला कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. लहानपणापासून सुट्टीत मी ते पाणी बाहेर सोडलंय, स्वतःच्या हाताने. कोड लिहिताना आठवलं नाही.

आता काय बदललंय

लाईट आली की पंप आपोआप सुरू होत नाही. माणसाने येऊन बटण दाबायचं. बटण दाबल्यावरही पहिलं दहा लिटर पाणी कॅनमध्ये जातं, टाकीत नाही. नळी मी हाताने बदलतो, त्यासाठी सॉफ्टवेअर नाही. वास घ्यायचा, नायट्राइट तपासायचं, मगच टाकीत. गावाला जाताना रिअॅक्टर बंद करून, रिकामा करून जातो. पंधरा दिवसांत नायट्रेट फार तर १८ ने वाढतं, त्याने कोणी मरत नाही. पंपाची कमाल गतीही छोटा पंप बसवून मिनिटाला ३० मिलीवर आणली. आता कोड चुकला तरी ९० होणारच नाही.

देखभाल सांगतो आणि थांबतो. आठवड्याला: थेंबांची गती मोजा, वरचा वायू सोडा, नळीचं टोक धुवा, अल्कलिनिटी तपासा. महिन्याला: ओआरपी प्रोब साफ करा. माझा रिअॅक्टर उणे ५० ते उणे २०० मिलिव्होल्टमध्ये नीट चालतो, उणे ३०० कडे झुकला की मी वास घ्यायला जातो. नाक सगळ्यात स्वस्त सेन्सर आहे. सहा महिन्यांना: शिंपले भरा. आणि बांधायच्या आधी तो ४० वाला हिशोब तुमच्या टाकीसाठी करा. तुमचा आकडा पंधरा येत असेल तर रिअॅक्टर बांधू नका, खाद्य थोडं कमी करा.

जाता जाता एक. क्लाउन माशांमध्ये मादी गेली की नराचीच मादी होते. जोडीतला उरलेला छोटा नर आता बराच मोठा झालाय, वागणंही बदललंय, मी हात घातला की चावायला येतो. येते. नवा छोटा मासा मागच्या महिन्यात आणलाय. पहिले दोन दिवस मारामारी झाली, आता दोघं एकाच लेदरखाली झोपतात.

प्रश्न असतील तर पाठवा, पुढच्या भागात घेतो. आणि कोडमध्ये 'नंतर बदल' लिहिलं असेल तर आजच बदला. भेटू.